करंगळी

सोमीने बाथरूमच्या दारातली बादली उचलली, आत डोकावून पाहिलं आणि होती तिथे परत ठेवली. बादलीत माझ्या नवऱ्याचे, गुरुदत्तचे, दोन बनियन आणि एक टॉवेल, एवढंच. मी शाळेत जायच्या गडबडीत डब्याचं झाकण शोधत होते. ती म्हणाली, "बाई, दोन महिने झालं, तुमचे परकर येत नाय धुवाला. साड्या पण नाय. माझ्या हातचं नको असंल तर तोंडावर सांगा." मी म्हटलं, "तसं काही नाही गं." तिने लगेच विचारलं, "मग कसं हाय?" या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी होतं. अगदी छोटं, एका वाक्याचं. पण तेहतीस वर्षं वर्गात उभी राहून पोरांना भूगोल शिकवणाऱ्या बाईच्या तोंडून ते एक वाक्य निघेना. मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "उशीर होतोय मला." झाकण माझ्या हातातच होतं. सोमीने दोन बनियन आणि टॉवेल धुतला, वाळत घातला, ओट्यावर झाकून ठेवलेला चहा तसाच ठेवून ती गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. फोन लावला तर बंद.

सोमी आमच्याकडे अकरा वर्षं काम करते. सुकापूरच्या पुढे, डोंगराच्या अंगाला कातकऱ्यांची वाडी आहे, तिथून येते. मशीन आहे आमच्याकडे, पण त्यात चादरी आणि गुरुदत्तच्या पँटी. माझ्या सुती साड्या, परकर, पोलकी सोमीच्या हातची, कारण माझ्या आईने मला सांगितलं होतं की सुती कपडा मशीनला देऊ नये, आणि आईने सांगितलेल्या गोष्टींपैकी नेमक्या अशाच मी पाळते. सोमीचा चहाचा कप आमच्याच कपांत असतो. खालच्या मजल्यावर तिला दांडी तुटलेला वेगळा कप आहे, खिडकीत ठेवलेला, हे तिनेच एकदा सांगितलं होतं. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून. तेव्हा मला स्वतःचा थोडा अभिमान वाटला होता, हे कबूल करते. आता ती वाडीत बसून काय समजत असेल ते मला स्वच्छ दिसत होतं. ही बाईही शेवटी त्यांच्यातलीच निघाली, फक्त अकरा वर्षं उशिरा. आणि खरं सांगितल्याशिवाय ते खोडून काढायचा काही मार्ग नव्हता.

खरं असं की मी शिंकले, खोकले, जोरात हसले, पाण्याची बादली उचलली किंवा जिना भराभर उतरले की मला लघवी होते. थोडी होते. कधी थोडीपेक्षा जास्त. बाकी काही नाही. रात्री मी निवांत झोपते, तास तास कळ काढू शकते, पण पोटावर अचानक दाब आला की खालचं दार आपोआप उघडतं. डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. मूत्राशय, त्याच्याखाली स्नायूंची झोळी, ती झोळी सैल पडलेली. माझा मुलगा निनाद पावणेचार किलोचा, चिमटे लावून काढलेला, तेव्हापासून ती झोळी ओढली गेली असणार. मग पाळी थांबली, वजन वाढलं, आणि करोनाच्या साथीत महिनाभर जो खोकला झाला त्याने राहिलेलं काम केलं. "खूप बायकांना असतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. मला त्या वाक्याचा राग आला. खूप बायकांना असतं, तर त्या सगळ्या आहेत कुठे? स्टाफरूममध्ये आम्ही नऊ जणी बसतो. गुडघे, थायरॉइड, सुनेचं वागणं, नवऱ्याचं घोरणं, सगळ्यावर बोलणं होतं. या एका गोष्टीचा कधी कोणी उच्चारसुद्धा केला नाही.

पहिल्यांदा झालं तेव्हा मी आमटीला फोडणी देत होते. मिरचीचा ठसका लागला, खोकले, आणि पायावरून गरम काहीतरी उतरलं. क्षणभर वाटलं तेल सांडलं. खाली पाहिलं तर फरशीवर चार थेंब. मी पोतेरं घेऊन ते पुसले, आमटी उकळू दिली, परकर बदलला, जेवायला वाढलं. इतकं साधं होतं ते. पण त्या दिवसापासून माझ्यात कोणीतरी एक पहारेकरीण येऊन बसली. ती सगळीकडे माझ्या आधी पोचते. बस स्टँडवर कुठल्या बाजूला स्वच्छतागृह आहे, न्यायालयाच्या आवारातलं चालू असतं की कुलपात, साड्यांच्या दुकानात विचारलं तर आत सोडतात का, हे सगळं तिला पाठ. साडी घेताना ती रंग निवडते. गर्द निळा, मोरपिशी, काळपट जांभळा. माझ्या कपाटात पिस्ता आणि मोतिया रंगाच्या सहा साड्या आहेत, त्यांना मी चार वर्षांत हात लावलेला नाही. वडाळे तलावाभोवती आम्ही दोघं रोज संध्याकाळी फिरायचो. उतारावर पाय जरा पटापट पडले की व्हायचं, म्हणून ते बंद केलं. गुरुदत्तला सांगितलं, गुडघा दुखतो.

हा गुडघा मला फार उपयोगी पडला. तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या सुनेची, चारुताची, मंगळागौर सोसायटीच्या हॉलमध्ये झाली. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. या इमारतीत फुगडी म्हटली की माझंच नाव निघायचं. बसफुगडी, दंडफुगडी, पिंगा, काय म्हणाल ते. माझ्याशी फुगडी खेळलेली बाई नंतर पाच मिनिटं भिंत धरून उभी राहते असं सगळ्या सांगायच्या. त्या दिवशी सगळ्यांनी मला ओढलं, चारुताने स्वतः हात पुढे केला, कोवळे, मेंदीचे हात. मी म्हणाले, "गुडघा." मग मी खुर्चीत बसून टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून इमारतीतल्या बायकांनी माझ्या गुडघ्याची जबाबदारी घेतली. कोणी तेल आणलं, कोणी लेप, कोणी एक पट्टा. गुरुदत्त दर रविवारी माझा उजवा गुडघा मांडीवर घेऊन तिळाच्या तेलाने चोळतो, आणि मी डोळे मिटून बसते. तो गुडघा ठणठणीत आहे. एकदा चुकून मी डावा पुढे केला तर म्हणाला, "आता हाही?" मी म्हटलं, "हो." तेव्हापासून दोन्ही चोळतो.

औषधाच्या दुकानात मी पॅड मागते तेव्हा दुकानदार ते वर्तमानपत्रात गुंडाळतो, वर काळी पिशवी. पहिल्या वेळी त्याने माझ्या पिकल्या केसांकडे पाहून विचारलं, "मुलीसाठी का?" मी हो म्हणाले. मला मुलगी नाही. निनाद एकटाच, पुण्याला नोकरीला. तरी आता दुकानदार कधी कधी मुलीची चौकशी करतो, आणि मी सांगते, बरी आहे. पाणी पिणं मी कमी केलं, तो तर शहाणपणाचा कळसच. सकाळी अर्धा कप चहा, मग शाळा सुटेपर्यंत कोरडं तोंड. पाणीच नाही तर येणार कुठून, असा माझा हिशोब. पंधरा दिवसांत जळजळ सुरू झाली, ताप आला, आणि त्या निमित्ताने डॉक्टरबाईंकडे जावं लागलं. नाहीतर मी आजही गेले नसते. त्यांनी आधी पाणी प्यायला लावलं. मग म्हणाल्या, ऑपरेशनचं नंतर बघू, आधी तीन महिने व्यायाम करा, आणि त्यासाठी एका फिजिओथेरपिस्टचं नाव दिलं.

ती निघाली सई. नववी ब, तिसरं बाक, खिडकीकडून. पनवेलमध्ये तेहतीस वर्षं शिकवल्यावर बाईला लपायला जागा उरत नाही. रिक्षावाला विद्यार्थी, तलाठी विद्यार्थी, आणि आता ही. सई उठून उभी राहिली, नमस्कार करायला वाकली, मग माझी फाइल वाचली आणि एकदम कामाच्या आवाजात बोलायला लागली, त्याबद्दल मी तिची ऋणी आहे. "बाई, वारा अडवून धरतो ना आपण, चारचौघांत, तसं आतून वर ओढायचं. पोट नाही, मांड्या नाही. धरा. दहापर्यंत मोजा. सोडा." मी धरलं. "श्वास कोंडू नका, बाई." एके काळी मी तिला म्हणायचे, शेजारी बघू नकोस. हा व्यायाम कुठेही करता येतो, कोणाला कळत नाही, असं ती म्हणाली, आणि ते खरं आहे. मी तो सिग्नलला रिक्षात करते, आरतीत करते, मुख्याध्यापक मीटिंगमध्ये शिस्तीवर बोलत असताना करते. त्यांना वाटतं मी गंभीरपणे ऐकतेय. शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळून घ्यायचं आणि मग शिंकायचं, हीसुद्धा सईचीच शिकवण. तिने मला एक वही ठेवायला सांगितली. खोकला, शिंक, वजन उचलणे, हसणे, असे रकाने आणि किती वेळा झालं ते. गेल्या महिन्यात वही बघून ती म्हणाली, "छान आहे बाई, खोकला सातवरून तीनवर आलाय. पण हसण्याचा रकाना पूर्ण रिकामा आहे. एकदाही नाही झालं?" मी म्हटलं, "नाही." ती खूश होऊन काहीतरी लिहायला लागली, मग थांबली. "बाई, तुम्ही हसताच ना?"

मी हसत नाही. हे मला सईने विचारेपर्यंत कळलं नव्हतं, किंवा कळलं होतं आणि मी पाहिलं नव्हतं. गुरुदत्त बंदरातल्या एका कंपनीतून निवृत्त झाला. त्याच्याकडे गोष्टींचा साठा आहे. क्रेनवरचा माणूस, कस्टमचा साहेब, केळी भरलेला कंटेनर आणि त्यात निघालेला नाग. सगळ्या मला पाठ आहेत आणि तरी तीस वर्षं मी त्यांना पोट धरून हसले, कारण तो त्या सांगताना स्वतःच आधी हसायला लागतो आणि शेवट कधीच धड सांगू शकत नाही. आता तो सुरू झाला की मी उठते. गॅस बघते, दार बघते, गॅलरीतले कपडे काढते. त्या दिवशी सईकडून आले, संध्याकाळी तो केळ्यांपाशी पोचला आणि मी उठले. तो मागून म्हणाला, "सुनंदा, माझं काही चुकलंय का?" मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "गुडघा आखडला होता रे, म्हणून उठले." टीव्ही लावल्याचा आवाज आला. मला रडू आलं, आणि रडताना काही होत नाही, हेही मला तेव्हा नव्याने समजलं.

दोन महिन्यांपासून परकर मी पहाटे स्वतः धुते; आधी नुसते पाण्यातून काढून सोमीला द्यायचे. पॅड असलं तरी कडेने जातंच, आणि वास. वास खरंच येतो की पहारेकरणीला येतो, सांगता येत नाही. सोमीला तो कळेल, हे मला सहन होत नव्हतं. कपडे धुणाऱ्या बाईला घराचं सगळं कळतं. कोणाची पाळी, कोणाचा जुलाब, नवरा-बायको कधी एकत्र झोपली. सोमीला निनादचं सिगरेट ओढणं माझ्या आधी कळलं होतं. म्हणून मी बाथरूमच्या मागच्या खिडकीला आतून दोरी बांधली आणि परकर तिथे वाळत टाकायला लागले. श्रावणात ते वाळत नाहीत, आंबतात, म्हणजे वासाला भिऊन मी वासच तयार करत होते. साड्याही मीच धुवायला घेतल्या, कारण नुसते परकरच दिले नाहीत तर तिला संशय येईल. आणि तिला संशय आलाच, फक्त दुसरा आला.

शुक्रवारी रात्री जेवताना गुरुदत्त म्हणाला, "सोमी गेली असेल कुठेतरी शेतावर. रानभाज्यांचे दिवस आहेत, बाजारात बसली असेल. या लोकांचं असंच असतं, आठवड्याने उगवेल." तो वाईट मनाने बोलत नव्हता. मी भात कालवत होते आणि माझा हात थांबला, कारण हेच वाक्य मी पूर्वी एकदा लिहिलं होतं. लाल शाईने, हजेरीपटात, एकाच शब्दात. स्थलांतरित.

तिचं नाव रंभा. पाचवीचा वर्ग, सत्तावीस वर्षांपूर्वीचा. पळस्प्याच्या बाजूला वीटभट्ट्या होत्या, तिथे तिचे आईबाप कामाला, आणि कोणा कार्यकर्त्याच्या आग्रहाने ती दिवाळीनंतर आमच्या शाळेत आली होती. शेवटच्या बाकावर बसायची. केस तेल न लावलेले, मातीच्या रंगाचे. मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला कोणालाही बाहेर सोडायचं नाही हा माझा नियम होता, आणि मला माझ्या नियमांचा फार अभिमान होता. मी फळ्यावर रायगड जिल्हा काढत होते. पाताळगंगा काढली, कुंडलिका काढली, वळून पाहिलं तर रंभाची करंगळी वर. आमच्या शाळेत बोलून विचारायची पद्धत नव्हती, मुलं करंगळी वर करायची, बाई मान हलवायच्या. मी म्हटलं, "मधली सुट्टी कशाला असते?" करंगळी खाली गेली. मी सावित्री काढली. वळले तर पुन्हा वर. या वेळी तिने तो हात दुसऱ्या हाताने धरला होता. मी पाहिलं आणि परत फळ्याकडे वळले. सावित्रीला दोन उपनद्या दाखवल्या, खडूची निळी कांडी नीट फिरवून. मग मागे हशा पिकला. बाकाखाली पाणी होतं आणि ते उतारावरून पुढच्या बाकाकडे निघालं होतं. मी ओरडले नाही, मारलं नाही. मला वाटतं तेच वाईट झालं. मी शांतपणे म्हणाले, "फडकं घे आणि पुसून काढ." तिने फळ्याचं फडकं घेतलं, ओणवं होऊन सगळी फरशी पुसली, फडकं नळाखाली धुऊन खिडकीत वाळत घातलं आणि जागेवर उभी राहिली, बसली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. आठ दिवस वाट पाहून मी तो शब्द लिहिला. भट्टीवाल्यांची मुलं हंगाम संपला की जातात, सगळ्यांना माहीत होतं. पण ते जानेवारीचे दिवस होते. भट्ट्यांचा धूर शाळेच्या गच्चीवरून दिसायचा. पायी गेले असते तर पाऊण तास लागला असता.

शनिवारी सकाळची शाळा. साडेअकराला सुटल्यावर मी घरी न जाता शेअर रिक्षा धरली. सुकापूरपर्यंत तिघी मागे, एक पुढे. रस्त्याला खड्डे होते आणि प्रत्येक खड्ड्याला मी आधी आवळत होते. सईने पाहिलं असतं तर शाबासकी दिली असती. एक खड्डा रिक्षावाल्याने चुकवला आणि दुसऱ्यात घातला, तो मला आधी दिसला नाही. सुकापूरला उतरले. नव्या इमारती, त्यांच्या मोठमोठ्या पाट्या, मग विटांचे ढीग, मग इमारती संपतात आणि लगेच डोंगर. वाट चिखलाची होती. मी विचार करत होते की काय सांगायचं. आजार आहे म्हणून सांगावं, तर कसला ते विचारेल. डॉक्टरांनी सांगितलंय की स्वतः धुवा, असं सांगावं, तर ती माझ्यापेक्षा हुशार आहे. पुन्हा गुडघा सांगायचा, तर गुडघ्याचा परकराशी काय संबंध? दोनदा मी मागे वळले, खरंच वळले, दहा पावलं आले. मग वाटलं, तेव्हा पाऊण तास होता, आज वीस मिनिटं आहेत, एवढंही जमणार नसेल तर मी मुलांना कुठल्या तोंडाने काही शिकवते.

सोमी घराच्या ओट्यावर टाकळ्याची भाजी निवडत बसली होती. घर पत्र्याचं, एका बाजूने विटांचं. तिने मला पाहिलं, उठली नाही. म्हणाली, "बाई, तुमी कशाला आलात चिखलातून? पगार पोरग्याकडं पाठवला असता तरी चाललं असतं." मी म्हटलं, "पगाराचं नाही आले." तिने आतून पोतं आणून टाकलं. मी बसले. ती पानं खुडत राहिली. म्हणाली, "खालच्या म्याडमनी कप वेगळा ठेवला, मी कधी बोलली नाय. त्या तशाच हायत. पण तुमी अकरा वर्सांनी असं करायचं म्हंजे..." तिचा आवाज फुटला आणि तिने तो टाकळ्यात दडवला. मी म्हणाले, "सोमी, तसं नाही. तुझ्या हाताचं नाही. माझंच..." पुढे शब्द येईना. मराठी माझी मायबोली, पण जे शब्द मला येत होते ते एक तर दवाखान्यातले होते, नाहीतर पोरांच्या भांडणातले. आणि मग मी न ठरवता हात वर केला आणि करंगळी दाखवली.

सोमीने माझ्या करंगळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मागं हाय जागा, भिंतीच्या पल्याड," ती म्हणाली. मी नाही अशी मान हलवली. "जायचं नाही. होते. आपोआप. खोकले की होते, हसले की होते. परकर खराब होतात. तुला कशाला ते धुवायला लावायचे, म्हणून..." सोमीच्या हातातली पानं तशीच राहिली. "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच." तिने पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. "बाई, मला बुधाच्या टायमापासून हाय. त्याला जन्म दिला भट्टीवर, पाचव्या दिशी डोक्यावर ईटा. आमच्या वाडीत निम्म्या बायांना हाय. उन्हाळ्यात नळ आटला का पाण्याला जातो ना विहिरीवर, तर डोक्यावर हंडा असला का कोण कोनाला हसवायचं नाय, असा नेम हाय आमचा. हंडा उचलायच्या आधी आवळून घ्यायचं, आन चढण संपेपर्यंत सोडायचं नाय." मी तिच्याकडे बघतच राहिले. सई चार वर्षं कॉलेजात हे शिकली होती. "आन माझी जाव हाय ना," सोमी म्हणाली, "ती लय वंगाळ. मुद्दाम चढणीवर बोलायची, अगं तुजा नवरा रातच्याला म्हशीशी बोलत व्हता. एकदा असंच बोलली, तर पुढच्या तिघी हसल्या, तीन हंडे खाली, तिघींची लुगडी वली, आन वर मुकादम उभा, इचारतो, पाऊस पडला काय गं?"

मी हसले. आधी नाकातून, मग आवाज फुटला, मग सगळंच सुटलं. पोट दुखेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, सोमीच्या खांद्याला धरून. आणि खालीही झालं. थोडं नाही. कळत होतं, गरम, पॅडला न जुमानता पोत्यापर्यंत. सवयीने मी उठायला गेले. सोमीने माझं मनगट धरलं. "बसा. आता झालं ते झालं. पुरतं हसून घ्या." मी बसले. ओल्यात बसले आणि हसून घेतलं. मग ती आत गेली आणि तिचा एक परकर घेऊन आली, लाल फुलांचा, उन्हाचा वास असलेला. श्रावणात हिला ऊन कुठून मिळालं कोण जाणे. मी आत जाऊन बदलला आणि साडीची ओली बाजू आत घेऊन नेसले. माझा ओला परकर हातात गोळा करून पिशवी शोधत होते तर ती दारात हात पुढे करून उभी. "द्या इकडं." मी म्हटलं, "अगं, घरी..." ती म्हणाली, "बाई, द्या." मी दिला.

समोरच्या नळावर ती तो धुवायला बसली. मी ओट्यावर तिच्या राहिलेल्या भाजीची पानं खुडत होते. तिला मी म्हणाले, माझ्याबरोबर एकदा सईकडे ये, नुसतं आवळून भागत नाही, नीट शिकवते ती, वय झाल्यावर अंग बाहेर येऊ नये म्हणून. ती म्हणाली, "बघू, सोमवारी." मग मी तिला रंभाचं सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. आजवर गुरुदत्तलाही सांगितलेलं नाही. करंगळी, दोनदा, फडकं, लाल शाई, सगळं. सोमी परकर आपटत होती, तिने हात थांबवला नाही. मी विचारलं, "तुझ्या ओळखीत होती का गं कोणी, पळस्प्याच्या भट्टीवर, रंभा नावाची?" ती म्हणाली, "भट्टीवर दरसाली दहा रंभा येतात, बाई." थोड्या वेळाने म्हणाली, "लेकरू होतं ते." तिने मला समजावलं नाही, की तुमची काय चूक, तेव्हाचे दिवसच तसे. मला ते बरं वाटलं. कोणी समजावलं असतं तर मी पुन्हा गुडघ्याकडे गेले असते.

फोन वाजला. गुरुदत्त. "कुठे आहेस? शाळा सुटून दीड तास झाला. गुडघा दुखत असेल तर थेट रिक्षा कर." मी म्हटलं, "गुडघ्याला काही झालेलं नाही." तो म्हणाला, "म्हणजे बरा आहे?" मी म्हटलं, "पहिल्यापासून बरा आहे. घरी येऊन सांगते सगळं. आणि ते केळ्यांचं अर्धं राहिलंय तुझं, ते काढून ठेव." मग त्याने फक्त विचारलं, "नागापर्यंत आलो होतो का?" मी म्हटलं, "नाही, अजून कंटेनर उघडायचाय."

सोमीने परकर पिळला, झटकला आणि कुंपणावर टाकला, सगळ्या वाडीला दिसेल असा. पांढरा परकर, खाली माझ्या हातची क्रोशाची लेस. मला तो आत घ्यावासा वाटला नाही. ती नळापाशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत ते चढणीवरचं हसू परत आलं. तिने ओला हात वर केला आणि करंगळी दाखवली.

"बाई," ती म्हणाली, "जाऊ?"

मी तिच्याकडे नीट वळून पाहिलं. "जा," मी म्हणाले.